आपल्या पेठेचं पोरगं, समोरच्या पेठेचा सराव

कोल्हापुरातल्या एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा 13 वर्षांचा. नवरा पेठेच्या संघाकडून नऊ हंगाम खेळला, आता मंडळाचा कार्यकर्ता. सासरे, घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात, त्याच संघाचे जुने गोलकीपर. मंडळाचा फक्त सीनियर संघ आहे, लहान मुलांचा गट नाही. शाळेच्या स्पर्धेत पोराचा खेळ बघून समोरच्या पेठेच्या प्रशिक्षकानं त्याला आपल्या 15 वर्षांखालच्या गटात सरावाला बोलावलं. वडील म्हणाले, "त्यांच्या मैदानावर जाण्यापेक्षा बूट खुंटीला टांगलेले बरे." आबा तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. पोरगा म्हणतो, "मला जायचंच नाही." आई विचारते, यात चूक कुणाची, आणि मी काय करू?

ताई, तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचून मला राग आला नाही. मी 26 वर्षं लहान पोरांना फुटबॉल शिकवतोय, त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मी स्वतः असंच बोलत होतो. म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो. ती नीट समजल्याशिवाय त्यांच्याशी बोलायला गेलात, तर पहिल्या वाक्यालाच दार बंद होईल.

मंडळ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. रात्री दोन वाजता घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला फोन मंडळाच्या पोरांना जातो. बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढायला तीच पोरं. 2019 च्या महापुरात घरांत पाणी शिरलं, तेव्हा माणसं खांद्यावर बाहेर काढणारी तीच. आमच्याकडच्या संघांच्या नावांत 'तालीम मंडळ' आणि 'तरुण मंडळ' उगाच नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी आधी कुस्तीच्या आणि पेठेच्या, मग फुटबॉलच्या. शाहू स्टेडियमवर केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगचा सामना असतो, तेव्हा मैदानात अकरा उतरतात, पण खेळत असते अख्खी पेठ. तुमच्या मिस्टरांनी नऊ हंगाम त्या रंगाचा शर्ट घातलाय. गोल केल्यावर गल्लीनं उचलून नेलं असेल, पेनल्टी हुकल्यावर आठवडाभर चहाच्या टपरीवर जाता आलं नसेल. या माणसाला 'अहो, खेळच तर आहे' असं कृपा करून म्हणू नका.

आणखी एक गोष्ट आहे. तुमचा पोरगा फुटबॉल खेळतो तो याच निष्ठेमुळे. चालायला लागल्यावर त्याच्या पायात चेंडू कुणी दिला? स्टेडियमवर खांद्यावर बसवून कुणी नेलं? मी अशी हजारो पोरं बघितलीत. ज्या घरात संघ नाही, तिथली पोरं बारा-तेराव्या वर्षी मोबाइलकडे वळतात. ज्या घरात संघ आहे, तिथली पोरं पावसात, चिखलात, अंधार पडेपर्यंत खेळतात. म्हणजे आज जी निष्ठा आडवी येतेय, तिनंच पोराला इथवर आणलंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते घरात सगळे चुकीच्या गोष्टीवरून भांडताय. मिस्टरांच्या डोक्यात चित्र आहे ते 'आपला खेळाडू फुटला' याचं. हंगामाच्या सुरुवातीला नोंदणीच्या वेळी एखादा तयार खेळाडू मानधनासाठी समोरच्या संघात गेला की पेठेत जे बोललं जातं, ते त्यांना पोराच्या बाबतीत ऐकू येतंय. पण ती गोष्ट सीनियर खेळाडूची. 22 वर्षांचा, पेठेनं वाढवलेला, पेठेच्या संघात जागा असलेला माणूस निघून जातो, तेव्हा निष्ठेचा प्रश्न उभा राहतो, आणि तिथं मी मिस्टरांच्या बाजूनं बोलेन. तुमचा पोरगा 13 वर्षांचा आहे. त्याला कुणी संघात घेत नाहीये, शिकायला बोलावतंय. सीनियर संघाचा निर्णय अजून चार-पाच वर्षं लांब आहे. त्या दिवशी त्यानं कुठला शर्ट घालायचा हे तेव्हा बघा. तेराव्या वर्षी प्रश्न एवढाच असतो की आठवड्यातून चार दिवस त्याला कोण आणि काय शिकवणार.

हा फरक मला कळला तो एका पोरामुळे. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक डावखुरा मुलगा होता. चौदाचा. चेंडू पायाला चिकटल्यासारखा, आणि मान वर करून खेळायचा, जे त्या वयात क्वचित दिसतं. त्याला असंच दुसऱ्या पेठेतून बोलावणं आलं. तिथं वयोगटाचा संघ होता, रोज सराव होता. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा त्याला, आपलं मैदान सोडू नको." आणि मी सांगितलं. त्या दिवशी मी प्रशिक्षक म्हणून बोललो नाही, पेठेचा माणूस म्हणून बोललो. पोरानं मान हलवली आणि तो थांबला.

मग काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या घरातही तसंच होण्याची शक्यता आहे. आमच्या पेठेत तेव्हा लहान गट नव्हता, म्हणून तो मोठ्यांच्यात सराव करायला लागला. चौदा वर्षांचं पोर पंचवीस वर्षांच्या माणसांत. त्याला कडेला उभं केलं, कारण पळायला चपळ होता. चेंडू त्याच्याकडे क्वचित यायचा, आणि आला की मागून कुणीतरी आडवं पाडायचं. तो चेंडू लगेच सोडून द्यायला शिकला. मान वर करून खेळणारं पोर मान खाली घालून खेळायला लागलं. सोळाव्या वर्षी गुडघा दुखावला. सीनियर संघाच्या यादीत नाव आलं, पण आमच्याकडच्या मोठ्या संघांत तेव्हा पुढच्या फळीत बाहेरचे खेळाडू असायचे, काही आफ्रिकेतून आलेले. एकोणीस वर्षांच्या पोराच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं. दोन हंगामांनी त्यानं खेळणं सोडलं. आज एमआयडीसीत चांगल्या नोकरीला आहे, लग्न झालंय. भेटला की वाकून नमस्कार करतो, सर म्हणतो. त्यानं मला कधी काही बोलून दाखवलं नाही. ते मला जास्त लागतं.

त्यानंतर मी पेठ आणि शिकवणं वेगळं ठेवायला शिकलो.

मोठ्यांच्या सरावात लहान मूल का बिघडतं, हे मिस्टरांना खेळाडू म्हणून लगेच पटेल, म्हणून थोडं खोलात सांगतो. बारा ते पंधरा या वयात मुलाला लागतो चेंडू, भरपूर चेंडू. समवयस्क चार-चार, पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानातल्या खेळात तो सारखा चेंडूला येतो, सारखा चुकतो, सारखा निर्णय घेतो. तीस जणांच्या मोठ्या मैदानावर तो नुसता पळतो. दुसरं म्हणजे याच काळात उंची झपाट्यानं वाढते. टाच दुखते, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा ठणकतो. जाणकार प्रशिक्षक हे ओळखतो, उड्या आणि धावणं कमी करतो, चेंडूचं काम चालू ठेवतो. मोठ्यांच्या सरावात त्याला 'नाटकं करतोय' म्हणतात. मिस्टरांना विचारा, त्यांच्या बरोबरीचे किती जण गुडघ्यापायी तिशीच्या आत थांबले. नावं त्यांना पाठ असतील.

पण ताई, दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. तेराव्या वर्षी एखादा पोरगा उठून दिसतो म्हणजे तो पुढे मोठा खेळाडू होणारच असं नसतं. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, तरी दोघं एकाच गटात. शिवाय कुणाची वाढ बाराव्या वर्षी होते, कुणाची पंधराव्या. त्यामुळे जो आज अंगानं दणकट म्हणून पुढे आहे, त्याच्या बरोबरीला बाकीचे दोन वर्षांत येतात. तुमच्या मुलाच्या जन्माचा महिना आणि अंगकाठी तुम्ही लिहिली नाही. तो लहानखुरा असूनही उठून दिसत असेल तर मी जास्त उत्साहानं बोलेन. थोराड असेल, तर चांगल्या शिकवणीची गरज आणखी मोठी, कारण ताकदीचा फायदा संपला की हातात फक्त कौशल्य उरतं. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, की शिकवणी चांगली हवी. फक्त घरात 'आता हा भारताकडून खेळणार' असं वातावरण करू नका. त्या ओझ्याखाली पोरं पेठेच्या ओझ्याइतकीच दबतात.

आता 'मला जायचंच नाही' या वाक्याबद्दल. हे वाक्य कुणाचं आहे, ते आधी शोधा. तेरा वर्षांच्या मुलाला घरातली हवा आपल्यापेक्षा आधी कळते. आबा जेवताना बोलत नाहीत, आणि ते आपल्यामुळे, हे त्याला ठाऊक आहे. अशा वेळी बहुतेक पोरं बोलावणं परत करून घरातली शांतता विकत घेतात. मी पालकांना सांगतो की समोर बसवून विचारू नका, ठरलेलं उत्तर मिळेल. गाडीवर मागे बसला असताना किंवा बूट धुताना सहज विचारा, "तिथल्या सरावात काय काय करून घेतात रे?" ज्याला खरंच जायचं नसतं, तो खांदे उडवतो. ज्याला जायचं असतं पण भीती वाटते, तो दहा मिनिटं बोलतो: कोण कुठं खेळतो, सरांनी काय सांगितलं, तिथं सरावाला कसले प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवतात. आणि खरंच नको असेल, तर विषय तिथंच संपवा. कुणाचीही निष्ठा मोडून दाखवण्यासाठी पोराला पाठवू नका, तुमचीही जिद्द त्यात नको.

तो दहा मिनिटं बोलला असं धरून पुढे जातो. लगेच हो म्हणू नका. समोरच्या पेठेचं बोलावणं खरोखर शिकवण्यासाठी आहे की 'त्यांचा पोरगा आपण फोडला' हे मिरवण्यासाठी, हे बघायला हवं, आणि मिस्टरांचा संशय इथं अगदीच निराधार नाही. जा, आणि दोन-तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभ्या राहा. सराव कोण घेतो? त्याच्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी किंवा सी हे प्रशिक्षकाचं लायसन्स आहे का? लायसन्स म्हणजे सगळं नव्हे, पण मुलांना कसं शिकवायचं हे त्यानं बसून शिकलंय, एवढं त्यावरून कळतं. किती पोरांमागे एक प्रशिक्षक? राखीव पोरं खेळतात की नुसती चेंडू आणून देतात? चुकलेल्या पोराला शिवी मिळते की परत चेंडू मिळतो? मी स्वतः सगळ्यात आधी शेवटचंच बघतो. आणि स्पष्ट विचारा, "पंधराव्या-सोळाव्या वर्षी याला सीनियर संघात उतरवायचा विचार आहे का?" उत्तर 'हो, लगेच' असं आलं, तर नम्रपणे नको म्हणा. त्या नकाराचं कारण पेठ नसेल, पोराचं अंग असेल.

नोंदणीचं नीट समजून घ्या, कारण निम्मं भांडण इथल्या अज्ञानातून होतं. सराव वेगळा आणि नोंदणी वेगळी. महासंघाच्या सीआरएस नावाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडू एका वेळी एकाच क्लबच्या नावावर असतो. पण नुसत्या सरावाला जाण्यासाठी ती नोंदणी आधी करावी लागत नाही. पहिले दोन-तीन महिने फक्त सरावाला पाठवा, सामने शाळेकडून खेळू द्या. शाळेच्या संघाला पेठ नसते, हे शालेय फुटबॉलचं मोठं सुख. शाळांसाठीचा सुब्रतो चषक 1960 पासून चालू आहे, आणि त्याच्या खालच्या फेऱ्यांत पेठेपेठेची पोरं एकाच शाळेच्या शर्टात खेळतात. पुढे नोंदणी करायची वेळ आलीच, तर कागद तुम्ही स्वतः वाचा. पाच वर्षांचा बाँड, 'सोडताना अमुक रक्कम भरावी लागेल' असली ओळ दिसली की सही करू नका. फिफाच्या नियमांत अठरा वर्षांखालच्या खेळाडूला व्यावसायिक करारसुद्धा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. मग हौशी पोराला कुणी पाच वर्षं बांधायचं काय कारण? कुठल्या वर्षी तो कुठं शिकला याच्या नोंदी मात्र जपून ठेवा. बाराव्या वर्षापासून खेळाडू घडवणाऱ्या क्लबचा हक्क फिफा मानते, आणि पुढे कधी मोठा करार झाला तर त्या नोंदी लागतात.

मिस्टरांशी बोलताना मी असतो तर कुस्तीपासून सुरुवात केली असती. कोल्हापूरच्या माणसाला ही भाषा पटकन लागते. पैलवान तालीम कशी निवडतो? वस्ताद बघून. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इथं राहिलेली पोरं कुठकुठून आली! हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडचे, घडले गंगावेशीत. त्यांच्या गावानं 'आमचा पोरगा दुसऱ्याच्या मातीत का?' असं विचारलं नाही. पोरगं चांगल्या वस्तादाच्या हाताखाली आहे, याचा गावाला अभिमान असतो. जिंकलं की मिरवणूक गावातच निघते. कुस्तीत जे आपल्या रक्तात आहे, तेच फुटबॉलमध्ये आपण विसरलो, कारण फुटबॉलमध्ये वस्तादापेक्षा शर्ट मोठा झाला.

ते इंग्लिश प्रीमियर लीग बघत असतील तर लिव्हरपूलचं उदाहरण द्या. त्या शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे दोन संघ, आणि एव्हर्टन 2025 मध्ये नव्या स्टेडियमला जाईपर्यंत दोघांच्या मैदानांमध्ये फक्त एक बाग होती. घराघरांत निष्ठा ठरलेली. तरी लिव्हरपूलसाठी सर्वांत जास्त गोल करणारा इयन रश लहानपणी एव्हर्टनचा चाहता. लिव्हरपूलकडून 737 सामने खेळलेला जेमी कॅरेगर एव्हर्टनच्या घरातला. मायकल ओवेनचे वडील तर स्वतः एव्हर्टनकडून खेळलेले, आणि पोरगा लिव्हरपूलच्या अकादमीत घडला. त्या घरांतही हे सोपं गेलं नसेल. पण पोरं तिकडं गेली.

क्रिकेटचंही बघा. सचिन तेंडुलकर वांद्र्यातली शाळा सोडून शारदाश्रमला गेला, कारण तिथं आचरेकर सर होते. जाणं-येणं जमेना म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. आणि ज्या घराचं नाव मुंबई क्रिकेटपासून वेगळं काढता येत नाही, त्याच घरातला अर्जुन 2022 मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला गेला, कारण मैदानावर जास्त वेळ खेळायला मिळावं. गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्यानं शतक केलं. सचिनपेक्षा मुंबईवर जास्त प्रेम करणारा बाप कुठं शोधायचा? तरी पोराला खेळायला कुठं मिळेल, हे आधी बघितलं गेलं.

आणि आपल्याच मातीतलं सांगायचं तर अनिकेत जाधव. कोल्हापूरचा पोरगा, लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून पुढे 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. भारत फुटबॉलच्या कुठल्याही वयोगटाच्या फिफा विश्वचषकात पहिल्यांदाच उतरला होता. मग आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. दिल्लीतल्या त्या सामन्यांच्या आठवड्यात आमच्या मैदानावर सगळ्या पेठांची पोरं एकत्र बसून एकाच नावानं ओरडत होती, आणि 'हा कुठल्या पेठेचा?' असं एकानंही विचारलं नाही. हे मिस्टरांना नक्की सांगा. पेठेच्या लीगमध्ये मोठं होऊन मग देशाकडून खेळायला जाण्याची वाट जवळजवळ नाही. तिकडं जाणारे लहान वयात चांगल्या शिकवणीत असतात. प्रबोधिनी, नवी मुंबईत घणसोलीला असलेली रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी, आयएसएल संघांचे लहान गट, या सगळ्यांच्या निवडी बारा-चौदाच्या आसपास होतात. पेठेतलं भांडण मिटेपर्यंत थांबलात, तर ती दारं आपोआप बंद होतात. तुमच्या पोरानं तिकडं जावंच असं मी म्हणत नाही. पण शिकवणी चांगली असेल तर निवड चाचणीला निदान उभं तरी राहता येतं. शाळेच्या आणि संघटनेच्या स्पर्धांतून दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, हेही घरात एकदा बोलून ठेवा. आबांना कदाचित हे जास्त पटेल.

आता खरं काम. ते तुम्ही नाही, मिस्टरांनी करायचंय. पोरगा समोरच्या मैदानावर दिसला आणि बातमी कट्ट्यावर आधी पोचली, तर गोष्ट हातातून गेली. त्याआधी मिस्टरांनी स्वतः मंडळात जाऊन बोलायचं: "आपल्याकडे लहान गट नाही, म्हणून पोरगा दोन वर्षं तिकडं शिकणार. सीनियर व्हायच्या वेळी काय ते बघू." नऊ हंगाम खेळलेल्या माणसानं तोंडावर सांगितलेलं मंडळ ऐकतं. लपवलेलं सहन करत नाही. आणि तिथंच त्यांनी विचारावं, की आपला लहान गट का नाही? आठवड्यातून तीन सकाळी, वीस पोरं, दहा चेंडू, कोन आणि एक शिकलेला माणूस. गणपतीच्या खर्चातला थोडासा भाग पुरतो. मी दोन मंडळांना असा गट सुरू करायला मदत केली आहे, आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात करणारा बाप असाच होता, पोरगा बाहेर शिकायला गेलेला. फक्त आपला गट सुरू होईपर्यंत पोराला थांबवून ठेवू नका. मंडळाच्या बैठका कशा चालतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि तेराचं पोर बघता बघता पंधराचं होतं.

गल्लीत त्याला चिडवतील. हे होणार, खोटं सांगत नाही. चिडवणारी पोरं त्याचे मित्रच असतील आणि पंधरा दिवसांत दमतील, जर मोठ्या माणसांनी त्यात तेल ओतलं नाही तर. तिकडचा सरावाचा शर्ट गल्लीत घालून फिरू नको, पिशवीत ने आणि मैदानावर घाल, एवढं पोराला सांगा. त्यात कमीपणा नाही, शेजाऱ्यांच्या भावना सांभाळणं आहे. मोबाइलवर दोन पेठांच्या पोरांचं जे शिव्यांचं युद्ध चालतं, त्यात मात्र त्याचं नाव, त्याचा फोटो कुठं येतोय का, यावर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. आलाच, तर तिकडच्या प्रशिक्षकाला त्याच दिवशी फोन करा. तो ते थांबवत नसेल, तर पोराला परत आणा.

आबांचं मी शेवटी ठेवलं, कारण त्यांचं दुःख वेगळं आहे. मिस्टरांना लोक काय म्हणतील याची भीती आहे. आबांना बहुधा असं वाटतंय की या घरातली फुटबॉलची गोष्ट त्यांच्यापासून सुरू झाली आणि आता ती त्यांच्याशिवाय पुढे चालली. त्यांना समजावू नका. त्यांना कामाला लावा. रविवारी सकाळी पोरानं त्यांना मैदानावर न्यावं, खुर्ची घेऊन. दोन दगडांचा गोल करावा, आणि आबांनी मागे बसून सांगावं की कुठून येणारा फटका गोलकीपरला दिसत नाही, कुठला चेंडू त्याला सगळ्यात नकोसा असतो, तो कुठल्या पायावर भार टाकून उभा असला की दुसरीकडे पोचत नाही. हे ज्ञान ना समोरच्या पेठेकडे आहे, ना माझ्याकडे. आपल्या संघाचा गोल सांभाळलेल्या माणसाकडे ते आहे. आधी दोन रविवार ते गप्प बसतील. पोरगा मारत राहू दे.

आणि शाहू स्टेडियमवर दोन्ही पेठांचा सामना असेल, त्या दिवशी पोरानं सरावाला सुट्टी घ्यावी आणि बाप आणि आजोबांबरोबर आपल्या पेठेच्या बाजूला बसावं, आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावं. तिकडच्या प्रशिक्षकाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. चांगला माणूस असेल तर हसून हो म्हणेल. माझ्याकडे आत्ता अशी दोन पोरं आहेत, दुसऱ्या पेठेची. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली की मी आधी त्यांना विचारतो, दुसरा गोल कसा झाला, तुमच्या बाजूनं नीट दिसला असेल, जरा पायानं करून दाखवा. आणि मग आम्ही तो गोल परत परत करून बघतो.